‘त्या लोकांचा’ आजार

एखाद्या आजारावर ‘अमुक भागातला’, ‘तमुक समाजाचा’ असा शिक्का बसला की सरकारला हात झटकणे सोपे जाते. प्रौढांना होणाऱ्या टी-पेशींच्या रक्तकर्करोगाचा इतिहास हेच सांगतो.

1977 मध्ये जपानी डॉक्टरांनी हा कर्करोग वेगळा ओळखला. बरेचसे रुग्ण नैऋत्येकडच्या क्यूशू बेटावरचे होते. त्याचे मूळ एचटीएलव्ही-1 हा विषाणू. तो आईच्या दुधातून बाळाकडे जातो, शरीरात अनेक दशके गप्प राहतो आणि बाधितांपैकी साधारण 3 ते 5 टक्क्यांनाच हा कर्करोग होतो. पण आक्रमक प्रकार झाला तर निम्मे रुग्ण वर्षभरातच दगावतात.

नागासाकी प्रांताने 1987 पासून गरोदर स्त्रियांची तपासणी सुरू केली. बाधित आईने अंगावर पाजले तर सुमारे 20 टक्के बाळांना लागण व्हायची. बाटलीच्या दुधावर हे प्रमाण 2.5 टक्क्यांवर आले. म्हणजे उपाय हाताशी होता. तरी ‘तो तिकडचा आजार’ म्हणून देशभर तपासणी सुरू व्हायला 2011 उजाडले. तोवर बाधित माणसे पोटापाण्यासाठी टोकियो-ओसाकात पोचली होती.

हाच विषाणू कॅरिबियन बेटांवर गेला तो मुख्यतः गुलामांच्या व्यापारातून. तिथून न्यूयॉर्क, मायामीत आलेल्या कृष्णवर्णीयांना हा कर्करोग पन्नाशीतच गाठतो. जपानमध्ये साठी उलटल्यावर. दीर्घकाळ जगण्याची खरी आशा दात्याच्या मूळपेशींच्या प्रत्यारोपणात आहे. पण अमेरिकेच्या दाता नोंदवहीत पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता गोऱ्यांना 79 टक्के, कृष्णवर्णीयांना 29 टक्के. आफ्रिकी वंशात पेशींच्या खुणांची विविधता जास्त, हे त्याचे एक कारण. नोंदवहीत त्यांची नावेच कमी, हे दुसरे. आणि ते निसर्गाने घडवलेले नाही.

मी समाजशास्त्रात संशोधन करते. हा इतिहास वाचताना मला विदर्भातला सिकलसेल दिसतो. भारतात त्याची पहिली नोंद 1952 मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये झाली. राष्ट्रीय निर्मूलन अभियान आले 2023 मध्ये. मधली 71 वर्षे तो आदिवासींचा, बौद्धांचा ‘रक्तदोष’ म्हणून ओळखला गेला. ज्या देशात जात रक्तात असते असे मानतात, तिथे अशा शब्दाने मुलीचे लग्न मोडते आणि आई-बाप तपासणीच टाळतात.

म्हणून समूहाची नोंदच नको, असे मी म्हणणार नाही. कोणत्या वस्तीत किती रुग्ण, त्यांना उपचार किती मिळाले आणि किती जगले, हे कागदावर आल्याशिवाय सरकारला जाब विचारता येत नाही. मात्र नोंदीमागोमाग तालुक्याच्या दवाखान्यात तपासणी, औषध आणि माणूस म्हणून बोलणारा समुपदेशक पोचला पाहिजे. तो पोचत नसेल, तर त्या नोंदीचाही शिक्काच होतो.