अपंगत्वाचा दावा नामंजूर झाला? तोंडी उत्तरावर घरी परतू नका

पासली (ता. राजगड) : मळणी मशिनमध्ये हात गेला, झाडावरून पडला, विजेचा शॉक बसला. असं काही झालं की घरचे आधी दवाखान्यामागं धावतात. कागदाचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी योजना सांगतं, अर्ज जातो आणि एक दिवस टेबलापलीकडून उत्तर येतं, "तुमचं यात बसत नाही." आपली माणसं तेवढ्यावर एसटी धरून परत येतात.

खरं तर तोंडी नकार हा नकारच नाही. दावा का नामंजूर केला ते कारणासह लेखी मागा. देत नसतील तर तसा अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोचचा शिक्का घ्या. पुढं अपील कुठं करायचं आणि मुदत कधीपासून मोजायची, हे त्या कागदावरच ठरतं.

दुसरा घोळ होतो तो योजनांचा. गावात सगळ्याला 'विमा'च म्हणतात. पण गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून एप्रिल 2023 मध्ये विमा कंपनी बाजूला झाली. आता ते सरकारचं सानुग्रह अनुदान आहे. दोन डोळे किंवा दोन अवयव निकामी झाले तर 2 लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेला तर 1 लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, निर्णय तहसीलदारांच्या समितीचा आणि त्याविरुद्ध दाद जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे. कंपनीच नसल्यामुळं ग्राहक आयोगाची वाट इथं पूर्वीसारखी सरळ राहिलेली नाही. तरी अजून कितीतरी जण जुन्या माहितीवर तोच सल्ला देत फिरतात.

बँकेतून वर्षाला 20 रुपये कापून जाणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना मात्र खराखुरा विमा आहे. अपघाताच्या वर्षी पैसे कापले गेलेत का, ते पासबुकात आधी बघा. हे वर्ष 1 जून ते 31 मे असं चालतं. खात्यात शिल्लक नसल्यानं हप्ता कापलाच गेला नसेल, तर भांडायला जागा फार उरत नाही. हप्ता कापला असेल आणि तरी कंपनीनं नाकारलं, तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करायची. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर पुण्यात नारायण पेठेत विमा लोकपालाचं कार्यालय आहे. तिथं फी नाही, वकीलही लागत नाही. पण एक वर्षाच्या आत जावं लागतं. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर मुदत 2 वर्षांची आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथंही फी नाही.

सगळ्यात जास्त अडतं ते डॉक्टरांच्या एका शब्दावर. डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'फ्रॅक्चर' असतं आणि दावा उडतो. हात तुटून पडला तरच पैसे, असा समज पसरलाय तो चूक आहे. सुरक्षा विमा योजनेच्या नियमात हाताचा किंवा पायाचा 'वापर कायमचा गेला' तरी दावा बसतो. समजा, हात जागेवर आहे पण मूठच वळत नाही, विळा धरता येत नाही. मग सरकारी रुग्णालयाच्या अपंगत्व प्रमाणपत्रात ते कायमचं आहे असं स्पष्ट यायला हवं. टक्केवारी कमी पडली असं वाटलं, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रमाणपत्राविरुद्धही अपील आहे. उलट हाड जुळलं, माणूस परत नांगर धरायला लागला, तर अपिलात वेळ घालवण्यात अर्थ नाही. हेही सांगायला पाहिजे.

उशिराचं कारणही असंच पुढं केलं जातं. विमा नियामकानं 2011 च्या परिपत्रकात कंपन्यांना सांगितलंय की खरा दावा निव्वळ उशीर झाला म्हणून नाकारू नका. सर्वोच्च न्यायालयानंही 2017 मध्ये ओम प्रकाश विरुद्ध रिलायन्स जनरल इन्शुरन्स या खटल्यात तेच म्हटलं. तो खटला चोरीला गेलेल्या ट्रकचा होता, पण तत्त्व इथंही मांडता येतं. उशीर का झाला त्याचे पुरावे मात्र जोडा. रुग्णालयात भरती असल्याचे कागद त्याला उत्तम.

आता वकिलाचं. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींनाही तसंच. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला 3 लाखांची उत्पन्नमर्यादा आहे. भोरच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे, पुण्यात शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा प्राधिकरण आहे. साधा अर्ज पुरतो. केळद-पासलीकडून एवढ्या लांब जाण्याआधी 15100 या मोफत नंबरवर विचारून घ्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीनंही नाकारलं तर उच्च न्यायालयात जाण्यासाठीही असाच मोफत वकील मागता येतो.

जाताना नामंजुरीचं पत्र, सातबारा, आधार, पासबुक, पंचनामा किंवा पोलिसांचा कागद, दवाखान्याचे सगळे कागद आणि अपंगत्व प्रमाणपत्र न्या. मूळ कागद कुणाच्याही हातात ठेवून येऊ नका, झेरॉक्स द्या. समितीनं दिलेल्या वकिलानं फी मागितली किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा मागितला, तर त्याच समितीकडं लेखी तक्रार करून दुसरा वकील मागता येतो.