कोडी सोडवा, पण आधी कान तपासा

रोज अर्धा तास मोबाइलवर आकडेकोडी सोडवली की म्हातारपणी विसर पडत नाही, असं हुबळीतल्या उणकलच्या आणि धारवाडकडच्या ज्येष्ठांना हल्ली ठासून सांगितलं जातं. मेंदू म्हणजे स्नायू, तालीम दिली की बळकट होणार! दाखल्याला गायिका गंगूबाई हनगल असतातच. २००६ साली, वयाच्या ९३ व्या वर्षी, त्या मैफलीत गायल्या. मग ॲपची वर्गणी पुढे येते.

गंगूबाई हुबळीहून कुंदगोळला गुरू सवाई गंधर्वांकडे जात, ते गाणं शिकायला. एका थोर गायिकेच्या आयुष्यावरून सगळ्या म्हाताऱ्यांसाठी नियम काढता येत नाही. त्यांच्या नावाचं गुरुकुल उणकललाच आहे, तिथंही गाणंच शिकवतात.

खरी गफलत पुढे आहे. ज्याचा सराव करावा तेच सुधारतं. १९८० साली अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बेताच्या स्मरणशक्तीच्या एका विद्यार्थ्याला ऐकलेले आकडे क्रमानं परत म्हणायला लावले. आधी जेमतेम ७ जमत, वीसेक महिन्यांनी ७९ जमू लागले. तो धावपटू होता, आकड्यांचे गट शर्यतीतल्या वेळा म्हणून लक्षात ठेवायचा. मग आकड्यांच्या जागी अक्षरं दिली आणि गाडी पुन्हा सहावर आली. स्मरणशक्ती होती तेवढीच राहिली, आकड्यांची युक्ती तेवढी साधली. २०१० साली ११,४३० जणांना सहा आठवडे मेंदूला तालीम देणारे खेळ खेळवले. खेळात ते तरबेज झाले, पण सराव न केलेल्या चाचण्यांत काही पदरात पडलं नाही. हे सगळे साठीच्या आतले होते. मग सुडोकूत पटाईत झालेल्या आजोबांना रक्तदाबाची गोळी घेतल्याचं आठवेलच, ही हमी कोणाच्या भरवशावर?

पाठांतरानं स्मरण वाढतं, हा वाद तर फार जुना. एका मानसशास्त्रज्ञानं १८९० च्या ग्रंथात स्वतःवरचा प्रयोग नोंदवला आहे. १५८ ओळी पाठ केल्या, मग ३८ दिवस दुसरं काव्य घोकलं, आणि नंतरच्या १५८ ओळींना आधीपेक्षा जास्तच वेळ लागला.

खेळांनी विसर टळतो, अशाच दाव्यांपायी २०१६ साली ल्युमॉसिटी हे मेंदूच्या खेळांचं ॲप चालवणाऱ्या कंपनीला अमेरिकेत २० लाख डॉलर मोजावे लागले.

यावर उत्तर म्हणून २,८३२ वृद्धांवरचा मोठा प्रयोग पुढे केला जातो. तो जरूर वाचावा. दहा वर्षांनी स्मृतिभ्रंश कमी आढळला तो पडद्यावरच्या गोष्टी झटपट टिपण्याचा सराव केलेल्यांत. स्मरणशक्तीचे वर्ग केलेल्यांत तसा ठोस फरक दिसला नाही, आणि शब्दकोडी त्यात नव्हतीच.

या प्रचाराची सर्वांत वाईट बाजू घरात दिसते. आजीला विसर पडू लागला की घरचेच म्हणतात, 'कोडी सोडवा म्हटलं होतं, ऐकलं नाहीत.' आजाराचं खापर आजारी माणसावरच फुटतं.

मग करावं काय? २०२४ च्या लॅन्सेट आयोगानं स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके मोजले. बहिरेपण, रक्तदाब, मधुमेह, अधू दृष्टी, एकाकीपणा त्यात आहेत, मोबाइलवरचे खेळ न खेळणं नाही. २०२३ च्या एका प्रयोगात ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांचा एकत्रित हिशेब केला तेव्हा श्रवणयंत्राचा फायदा दिसला नाही. पण धोका आधीच जास्त असलेल्यांत तीन वर्षांतली बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. म्हणून आधी रुग्णालयात कान तपासून घ्यावेत, मोतीबिंदू काढून घ्यावा, रक्तदाब आवाक्यात ठेवावा, संध्याकाळी कुणाला तरी सोबत घेऊन उणकल तलावाकाठी चालावं. कोड्यांची आवड असेल तर तीही खुशाल सोडवावीत. ज्येष्ठांच्या पुढच्या बैठकीला मात्र ॲपवाल्याऐवजी कान तपासणाऱ्याला बोलवा.