दुकानात तांदूळ होता

दुष्काळ म्हटला की भेगाळलेली जमीन आणि करपलेली पिके डोळ्यांपुढे उभी राहतात. पाऊस पडला नाही, धान्य पिकले नाही, म्हणून माणसे उपाशी मेली, असा सरळ हिशेब मांडला जातो. १९४३ च्या बंगालने हा हिशेब चुकीचा ठरवला.

त्या दुष्काळात २० ते ३० लाख माणसे भुकेने आणि भुकेपाठोपाठ आलेल्या रोगराईने गेली. ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्याने तिकडचा तांदूळ बंद झाला होता. ऑक्टोबर १९४२ मध्ये चक्रीवादळाने मेदिनीपूरचा किनारा झोडपला होता. भातावर रोगही पडला होता. हे सारे खरे. तरीही १९४३ साली बंगालमध्ये १९४१ पेक्षा जास्त धान्य उपलब्ध होते, असे अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. आणि १९४१ साली तर दुष्काळ नव्हता!

मग माणसे मेली कशाने? युद्धाच्या कामांवर सरकारचा पैसा पाण्यासारखा वाहत होता. साठेबाजांनी भाव आणखी चढण्याची वाट पाहत धान्य दाबून ठेवले. डिसेंबर १९४२ मध्ये कलकत्त्यात मणाला १३-१४ रुपये असलेला तांदूळ ऑगस्ट १९४३ मध्ये ३७ रुपयांवर गेला. शेतमजुराची मजुरी त्या मानाने वाढलीच नाही. कलकत्त्यातील कारखान्यांच्या कामगारांना स्वस्त धान्य मिळत होते, खेड्यातल्या मजुराला ते देणारे कोणी नव्हते. वाट्याने शेती करणाऱ्याच्या घरात निदान धान्याचा वाटा येत होता, म्हणून तो त्यातल्या त्यात तगला. ज्याला रोख मजुरी मिळे, तो आधी कोसळला. जपानी सैन्याच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने किनाऱ्यावरच्या होड्या काढून घेतल्या आणि कोळ्यांचे पोटच गेले. गावचा न्हावीही उपाशी राहिला, कारण पोटाला नसलेल्या गावात दाढी कोण करून घेणार?

याच्या उलट चित्र १९७२-७३ च्या महाराष्ट्रात दिसले. तेव्हा पीक खरोखरच बुडाले होते. पण सरकारने रस्त्यांची, तलावांची, खडी फोडण्याची कामे काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे या कामांवर होती. सुकडी आणि लाल मिलो खाऊन लोकांनी दिवस काढले. हाल अतोनात झाले, जनावरे गेली. पण हातात मजुरी होती, म्हणून बंगालसारखा माणसांचा संहार टळला. याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली आला.

आजही गोष्ट तीच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी लोक भुकेले होते. दुसरीकडे २०२२ या एका वर्षात घरे, हॉटेले आणि दुकाने यांतून १०० कोटी टनांहून अधिक अन्न वाया गेले.

धान्य पिकवायला हवेच, त्याबद्दल वाद नाही. पण गोदामात पोती किती आहेत, एवढे मोजून भागत नाही. ती पोती विकत घेण्याइतकी मजुरी कोणाच्या हाती आहे आणि कोणाच्या नाही, हेही मोजावे लागते. बंगालमध्ये ते कोणी वेळेवर मोजले नाही. दुकानात तांदूळ असताना माणसे दुकानासमोरच्या रस्त्यावर मेली.