चौथी नलिका

रूट कॅनाल करूनही दाढ पुन्हा ठणकू लागली, की आपण नशिबाला बोल लावतो. कारण कधी कधी निराळेच असते. वरच्या पहिल्या दाढेला मुळे तीन, पण नलिका पुष्कळदा चार! ही चौथी अतिशय बारीक, दंतद्रव्याच्या आड दडलेली. ती राहिली, की जंतूही राहतात. चष्म्यावरील भिंगे तिच्या शोधास साहाय्य करतात; सूक्ष्मदर्शक तर वीस पटींपर्यंत मोठे दाखवतो आणि प्रकाश थेट मुळाशी पोहोचवतो. अमेरिकेत या शाखेच्या पदव्युत्तर शिक्षणात त्याचे प्रशिक्षण अनिवार्य आहे. शुल्क वाढते, हे माझ्यासारख्या हिशेबी माणसाला खटकतेच. परंतु दाढ गमावून कृत्रिम बसवण्याचा खर्चही शेजारी मांडून पाहावा. ‘भिंग वापरता ना?’ असे मी आता निःसंकोच विचारतो. डॉक्टर रागावत नाहीत.