भंगार कोणाला म्हणता?

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. दर रविवारी मी तिथून पिशवीत काहीतरी लपवून आणतो आणि दर रविवारी आमच्या सौभाग्यवती म्हणतात, "आणलंत भंगार?" गेल्या खेपेला कार्बोरेटर होता. वर कोथिंबीर पसरली होती, तरी वास लागला!

आमची चेतक वडिलांच्या वेळची. किक मारण्याआधी तिला एका कुशीवर कलती करावी लागते. "नवे पार्ट घाला हो," असं शेजारचे शहाणे सांगतात. घातला! चकचकीत खोक्यातला नवाकोरा कार्बोरेटर आठव्या दिवशी ठिबकू लागला, आणि दर सिग्नलला गाडी बंद. नवा म्हणजे चांगला, हे शास्त्र कुणी लिहिलं? जुना अस्सल कार्बोरेटर रॉकेलमध्ये बुडवा, जेटमधून हवा मारा, पुन्हा कामावर हजर. ब्रेकचे लायनर, केबली, टायर मात्र मीही नवेच घेतो. जुन्याचं प्रेम उतारावर कामाला येत नाही.

बाजारातला प्रत्येक पार्ट 'चालू गाडीचा' असतो. मग ती गाडी आता कशावर चालते, हे विचारायचं नसतं.

2020 पासून विजेवरची चेतक मिळते, तीच घ्या म्हणतात. तिला कार्बोरेटरच नाही. मग रविवारी मी करायचं काय?

परवा भर पावसात रिक्षा मिळेना. भंगार दुसऱ्या किकला सुरू झालं. सौभाग्यवती मुकाट्याने मागे बसल्या, मांडीवर माझी पिशवी. तिच्यात मागचा दिवा होता, हे मी अजून सांगितलेलं नाही.