आधी काय काय लागतं?

मंडळी, बरेच दिवस काही लिहिलं नाही. कारण कामाचं होतं आणि थोडं लाजेचंही. आज दोन्हीबद्दल लिहितो. विषय तसा रुक्ष आहे, लिनक्सवर एक सॉफ्टवेअर बसवण्याआधी काय काय बसवावं लागतं याचा. पण शेवटपर्यंत वाचा, कारण मुद्दा सॉफ्टवेअरपुरता नाही.

मी सौदीत आलो तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरगा वाळवंटात तेलाच्या विहिरीवर चालला. प्रत्यक्षात मी पूर्व प्रांतातल्या एका संस्थेत संगणकावर सिम्युलेशन चालवणाऱ्या गटात संशोधन अभियंता आहे. इथे मोठ्या यंत्रांचं कौतुक फार. जेद्दाहच्या उत्तरेला थुवलला 'काउस्ट' हे विद्यापीठ २००९ साली उघडलं तेच 'शाहीन' नावाच्या महासंगणकासकट. २०१५ साली आलेल्या 'शाहीन-२' मध्ये एक लाख शहाण्णव हजारांवर कोअर होते. असलं काही आलं की पेपरात फोटो येतो. आमच्याकडचा प्रकार अगदीच किरकोळ. दुसऱ्या विभागाने टाकून दिलेले पाच सर्व्हर, आणि त्यांवर विद्यार्थ्यांना लागतील तशी आभासी यंत्रं, म्हणजे व्हर्च्युअल मशिन्स, काढून द्यायची. एक सर्व्हर बंद पडला तर त्यावरची आभासी यंत्रं दुसऱ्यावर हलवता यायला हवीत. हे सगळं सांभाळणारा कारभारी म्हणून आम्ही 'गॅनेटी' निवडलं. हे गूगलने स्वतःच्या अंतर्गत वापरासाठी लिहिलं आणि २००७ साली सर्वांसाठी खुलं केलं. आज ते गूगलबाहेरचे स्वयंसेवक सांभाळतात. गंमत बघा, २०२३ साली गूगलने इथून जवळच, दम्मामला, आपलं क्लाउड केंद्र सुरू केलं. पण त्याला लागतात महिन्याचे पैसे, आणि आमच्याकडे होते फुकटचे सर्व्हर.

बैठकीत मला विचारलं, किती दिवस लागतील? मी म्हणालो, "दोन." क्लस्टर सुरू करायची आज्ञा एका ओळीची आहे, म्हणून दोन. त्या एका ओळीच्या आधी काय काय लागतं, याची यादी मात्र कित्येक पानांची आहे. ती पानं मी चाळली, मला महत्त्वाचं वाटलं तेवढं एका कागदावर उतरवलं आणि तो कागद भाईंच्या हातात दिला.

भाई म्हणजे आमचे तंत्रज्ञ. दापोलीकडचे, पन्नाशीचे, आखातात वीस-बावीस वर्षं काढलेले. इकाम्यावर हुद्दा 'टेक्निशियन', शिक्षण आयटीआय. आमच्या मजल्यावर मराठी बोलणारे आम्ही दोघेच. ते मला 'डॉक्टरसाहेब' म्हणतात. मी नको म्हणून पाहिलं, ऐकत नाहीत.

भाईंनी कागद वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, "साहेब, यंत्रांची नावं नुसती 'नोड एक', 'नोड दोन' ठेवायची की पूर्ण पत्त्यासकट?" मी म्हणालो, काय फरक पडतो? फरक पडतो. गॅनेटीला यंत्राचं पूर्ण, डोमेनसकट नाव लागतं आणि ते नाव खऱ्या आयपी पत्त्याला पोचावं लागतं. डेबियन बसवताना ते नाव बरेचदा १२७ ने सुरू होणाऱ्या घरगुती पत्त्याला बांधून ठेवतो. म्हणजे हाक मारली की यंत्र स्वतःलाच ओ देतं, शेजारच्याला ऐकूच जात नाही. भाई हसून म्हणाले, "पासपोर्टासारखंच आहे. गावात नुसत्या नावाने हाक मारली तर चालते, जवाजतच्या खिडकीवर बापाचं, आजाचं सगळं लागतं."

पुढची यादी अशी. पाचही यंत्रांवर एकाच आवृत्तीचं सगळं हवं. पाचांची घड्याळं जुळलेली हवीत. व्हर्च्युअल मशिन्स चालवायला केव्हीएम. आतल्या यंत्रांना बाहेरच्या नेटवर्कशी जोडायला ब्रिज. डिस्कचे हवे तसे तुकडे पाडायला एलव्हीएम, आणि त्यासाठी कमीत कमी वीस जीबीची मोकळी जागा. एका यंत्राच्या डिस्कवर लिहिलेलं त्याच क्षणी दुसऱ्याच्या डिस्कवर उतरवायला डीआरबीडी. क्लस्टरला म्हणून एक वेगळं नाव आणि कुणीच वापरत नसलेला आयपी पत्ता. यांतलं काहीच अवघड नाही. पण एक चुकलं तरी सगळं अडतं, आणि वाईट म्हणजे लगेच अडत नाही.

तेवढ्यात सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या. भारत, पाकिस्तान, अमिरातीपर्यंत इंटरनेट मंदावलं. युरोपातल्या सर्व्हरवरून आमची पॅकेजेस थेंबाथेंबाने उतरू लागली. मी हात टेकले. भाईंनी कपाटातून एक जुनी डिस्क काढली. डेबियनच्या पॅकेजांची पूर्ण प्रत तिच्यावर त्यांनी आधीच करून ठेवली होती, कुणी न सांगता. मी विचारलं, हे कधी केलंत? म्हणाले, "२००८ साली अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटली होती तेव्हा मी दुसऱ्या कंपनीत होतो. तेव्हापासून ठेवतो. कोकणात पावसाआधी लाकडं भरून नाही का ठेवत?"

कागद संपत आला तेव्हा भाईंनी शेवटचा प्रश्न विचारला. "मूळ पानावर एलव्हीएमच्या फिल्टरची एक ओळ आहे. तुमच्या कागदावर नाही. घालू?" मला बैठकीला उशीर होत होता. मी म्हणालो, "ते सावधगिरीचं असतं हो. नंतर बघू."

ही ओळ काय करते ते सोप्या शब्दांत सांगतो. आभासी यंत्राच्या डिस्कमध्ये त्याचा स्वतःचा संसार असतो. त्या संसारातही एलव्हीएम असू शकतं. बाहेरच्या यंत्राला 'डीआरबीडीच्या डिस्कांमध्ये डोकावू नकोस' असं बजावलं नाही, तर ते पाहुण्याचं सामान आपलंच समजतं आणि धरून बसतं. रोजच्या कामात काही कळत नाही. कळतं ते पाहुण्याला दुसरीकडे हलवायच्या वेळी. डीआरबीडी म्हणतं, ही डिस्क कुणीतरी उघडी धरून ठेवली आहे, आधी सोडायला सांगा.

आम्ही चाचणी घेतली होती. यंत्र हलवून पाहिलं, झकास हललं. कारण चाचणीच्या यंत्रात आत एलव्हीएम नव्हतंच. पुढे एका विद्यार्थिनीला रेड हॅटच्या कुळातलं लिनक्स हवं होतं, ते बसवलं. त्याचा इन्स्टॉलर आपणहून एलव्हीएम करतो.

दोन महिन्यांनी एका गुरुवारी रात्री त्या सर्व्हरचा पंखा धुळीने बसला. तापमान चढू लागलं. मी घरून तिचं यंत्र हलवायची आज्ञा दिली. हलेना. अर्ध्यात अडकलं. तासभर झटापट केली आणि शेवटी सर्व्हर जळू नये म्हणून सगळंच बंद केलं. तिचं सिम्युलेशन नऊ दिवस चाललं होतं, मधली स्थिती कुठेही साठवलेली नव्हती. नऊ दिवस गेले, आणि तिची प्रबंध द्यायची तारीख तीन आठवड्यांवर होती.

रविवारी मुदीरांनी विचारलं, इन्स्टॉलेशन कुणी केलं? नोंदवहीत भाईंचं नाव होतं. माझं नव्हतं. कागद देणाऱ्याचं नाव नोंदवहीत येत नाही.

आता लाजेचा भाग. मी त्या खोलीत होतो आणि गप्प बसलो. भाईंच्या कराराच्या नूतनीकरणाचे कागद त्याच आठवड्यात वर गेले होते. करार नाकारला तर पुढे काय असतं ते आखातातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. खुरूज, म्हणजे कायमचं परत. त्यांचा मुलगा रत्नागिरीला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. हे मला ठाऊक होतं. दोन दिवस मी स्वतःला समजावत होतो, की बघू, चौकशी तर होऊ दे. भाई या दोन दिवसांत एक शब्द बोलले नाहीत. चहा आणून ठेवायचे, नेहमीसारखा. तिसऱ्या दिवशी मी ईमेल लिहिली. ओळ मी गाळली, भाईंनी विचारलं होतं, मी नको म्हणालो. तीन वाक्यं लिहायला मला दोन दिवस लागले!

करार झाला, पण एकाच वर्षाचा आणि पगारवाढ न देता. मला कुणी काही बोललं नाही. उलट 'प्रामाणिकपणाबद्दल' आभाराचं उत्तर आलं. यातला फरक तुमच्या लक्षात आला असेलच. विद्यार्थिनीला मुदतवाढ मिळाली, पण ती मिळवायला तिला चार ठिकाणी हात जोडावे लागले.

यावर माझं मत असं झालं आहे. आम्ही शिकलेली माणसं 'पूर्वतयारी' हा शब्द फार हलका वापरतो. शोधनिबंधात लिहितो, 'प्रयोग क्लस्टरवर केले'. त्या एका वाक्याखाली कुणाचे किती आठवडे गाडलेले असतात ते लिहीत नाही. कामाची विभागणी आम्ही 'मुख्य' आणि 'तयारी' अशी करतो, मग माणसांचीही तशीच करतो, आणि इकाम्यावरचा हुद्दा त्यावर शिक्का मारतो. पण गॅनेटीची मुख्य आज्ञा एका ओळीची आहे. ती कुणीही देईल. ज्ञान जे काही आहे ते त्याआधीच्या पानांत आहे.

आणि आम्हाला याद्यांचं वावडं आहे असंही नाही. इथे येताना माझ्या पदवीवर शिक्के हवे होते. सौदीत अपॉस्टिल डिसेंबर २०२२ पासून चालू लागलं, त्याआधी आलेल्यांना वकिलातीच्याही चकरा होत्या. त्या यादीतला एक कागद कमी असेल तर विमानात बसता येत नाही, हे आम्ही निमूट मान्य करतो. तिथे कुणी 'सावधगिरीचं असतं हो, नंतर बघू' म्हणत नाही. कारण तिथे अडतो आपण स्वतः. दुसरा अडणार असेल तेव्हाच ओळी गाळायचा मोह होतो.

काही मित्र म्हणतील, हे सगळं हाताने करतोच कशाला, स्क्रिप्ट लिही. लिहिली आहे, आणि लिहावीच. पाच यंत्रांवर तेच काम पाचदा हाताने करण्यात शहाणपण नाही. पण माझ्या कागदावरून स्क्रिप्ट लिहिली असती तर तिने तीच ओळ पाचही यंत्रांवर बिनचूक गाळली असती. आणि तिने 'घालू?' असं विचारलंही नसतं.

आता आमच्याकडे तीन नियम आहेत. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे 'का' ते लिहायचं. कारण कळल्याशिवाय ओळ गाळायची नाही. यादी बनवणारा, बसवणारा आणि गाळायला सांगणारा, तिघांचीही नावं नोंदवायची. आणि चाचणी विद्यार्थी खरोखर वापरतात तसल्याच यंत्रावर घ्यायची, भर कामाच्या दिवशी, मुद्दाम सर्व्हर बंद करून.

'का'चा रकाना भाईंनी भरला आहे, मराठीत, त्यांच्या वळणदार अक्षरात. फिल्टरच्या ओळीपुढे लिहिलंय, 'पाहुण्याची बॅग उघडू नये'. इंग्रजी भाषांतर मी केलं आणि दस्तऐवजावर पहिलं नाव त्यांचं घातलं. मुदीरांनी विचारलं, टेक्निशियनचं नाव आधी? मी हो म्हणालो. या वेळी दोन दिवस लागले नाहीत.

असो. तुमच्या ऑफिसातही अशी एखादी यादी असेलच. ती कुणी लिहिली ते जरा विचारून बघा, आणि त्याचं नाव तिच्यावर आहे का तेही.