राष्ट्रे का लढतात? रोहिणी ते वैतरणा

दोन देशांत तणाव वाढला की मोबाइलवर रणवाद्ये वाजू लागतात. कोण बरोबर, कोण चूक याचे निकाल टपरीवर लागतात. पण युद्ध मुळात होतेच का, असे विचारले तर उत्तर मिळते : माणूस स्वभावानेच भांडखोर आहे. हे उत्तर आम्हाला मान्य नाही. स्वभावावर खापर फोडले की जबाबदार कोणीच उरत नाही.

आपल्याच मातीतला इतिहास पाहा. १६६४ मध्ये सुरतेवर चालून जाताना शिवाजी महाराज जव्हारला थांबले. कोळी राजा विक्रमशहाने त्यांचा सन्मान केला, म्हणून शिरपामाळ आजही दाखवतात. आठच वर्षांनी, १६७२ मध्ये, मोरोपंत पिंगळ्यांच्या फौजेने जव्हार जिंकले. या आठ वर्षांत माणसांचा स्वभाव बदलला नव्हता. जव्हार सुरतेच्या वाटेवर होते, आणि ती वाट हाती हवी होती. बहुतेक युद्धांमागे असाच हिशेब असतो : जमीन, पाणी, व्यापार, वाट. धर्म आणि अभिमान त्यावर नंतर चढवतात, कारण हिशेबासाठी मरायला कोणी तयार होत नाही.

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थ घर सोडतो तो म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून नव्हे. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून वाद पेटतो. दोन्हीकडचे दोन-दोन प्रतिनिधी नेमा, त्यांनी पाचवा निवडावा, पाचांनी निवाडा करावा, असे सिद्धार्थ सुचवतो. संघ बहुमताने युद्ध निवडतो आणि सिद्धार्थ परिव्रज्या स्वीकारतो. पुढे तंटा मिटल्याचे कळते, तरी तो परत फिरत नाही. राष्ट्रांमधला संघर्ष अधूनमधून होतो, वर्गांमधला मात्र अखंड चालतो, हे त्याला उमगलेले असते.

याचा अर्थ आक्रमण झाले तरी हात बांधून बसा, असा नाही. नाझींविरुद्धच्या युद्धाला बाबासाहेबांचा पाठिंबाच होता. पण १९४५ मध्ये ते महायुद्ध संपले, जगाने शांततेचा जल्लोष केला, आणि त्याच वर्षी शेजारच्या उंबरगाव-डहाणूत वारली बांधव वेठबिगारीविरुद्ध उठले. गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने उभ्या राहिलेल्या त्या माणसांवर ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला. राष्ट्रांचे युद्ध थांबले होते, सावकार-जमीनदारांचे थांबले नव्हते.

आजही थांबलेले नाही. मोखाड्यातील कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण आहे. त्याचे पाणी मुंबईला जाते. पावसाळ्यात धो-धो पाऊस झेलणाऱ्या याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. आमच्या आया-बहिणी हंडे घेऊन डोंगर उतरतात. इथे फौज नाही, रणशिंग नाही. म्हणून याला कोणी युद्ध म्हणत नाही. पण प्रश्न रोहिणीचाच आहे : पाण्यात वाटा कोणाचा, आणि तो ठरवणार कोण?

तरुण मित्रांनो, पुढच्या वेळी युद्धाच्या घोषणा ऐकू आल्या की तीन प्रश्न विचारा. हिशेब कशाचा आहे? फायदा कोणाचा? मरणार कोणाची पोरे? आणि हेच प्रश्न आपल्या ग्रामसभेतही विचारा. घरातला अन्याय मुकाट्याने पाहणारा समाज देशांमध्ये शांतता आणू शकत नाही.

जय भीम!